सावळ्या कुंभार आणि बोलणारे गाढव

शाप, उःशाप, भूत, गंधर्व असे काही कथेत आले आणि त्याला प्रेमाची जोड मिळाली, की आपण ती कथा गांभीर्याने ऐकतो. त्याच कथेत विनोद शिरला की मात्र तिला पोरकट ठरवून मोकळे होतो. मराठी चित्रपटातील अशा हसऱ्या अद्भुतकथांची उपेक्षा बहुधा याच सवयीतून झाली असावी. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफ यांनी भुताची भूमिका केली. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांना तात्या विंचू नावाच्या बाहुल्याशी झुंजावे लागले. दोन्ही चित्रपट लोकांच्या अजून तोंडी आहेत, परंतु त्यांवर कोणी निबंध लिहिल्याचे फारसे दिसत नाही. मला लिहावयाचे आहे ते या वाटेवरच्या तिसऱ्या एका चित्रपटाविषयी. राजू फुलकर यांनी दिग्दर्शित केलेला, मकरंद अनासपुरे यांची प्रमुख भूमिका असलेला 'गाढवाचं लग्न' हा चित्रपट २००७ साली आला. तो थोर कलाकृती आहे असा माझा दावा नाही. परंतु आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना त्याने जे दिले ते पुष्कळशा थोर कलाकृतींनी दिलेले नाही, एवढे मात्र मी म्हणेन.

ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. इंद्राच्या दरबारात एका गंधर्वाच्या हातून आगळीक घडते. रागावलेला इंद्र त्याला शाप देतो की, तू पृथ्वीवर गाढव होऊन राहशील. उःशाप असा की, राजकन्येशी लग्न लागेल तेव्हाच सुटका. हे गाढव येऊन पडते सावळ्या कुंभाराच्या पदरात. सावळ्या कामाचा आळशी, बोलण्यात मात्र तरबेज. त्याची बायको गंगी खमकी, तिच्या जिभेवर धार. पुढे गाढव माणसाच्या वाणीने बोलू लागते आणि आपल्यासाठी राजकन्येचा हात मागावयास सावळ्याला राजवाड्यावर धाडते. राजा अशी अट घालतो की ती कोणा माणसाच्या हातून पुरी होऊ नये. ती पुरी होते, लग्न लागते आणि गंधर्व आपल्या मूळ रूपात येतो.

ही कथा चित्रपटवाल्यांची नव्हे. उज्जैनच्या विक्रमादित्याचा पिता गंधर्वसेन याच्याविषयी अशाच शापाची लोककथा जुन्या काळापासून सांगितली जाते. तिला मराठी मातीत रुजवले ते हरिभाऊ वडगावकर यांच्या वगाने, आणि घरोघर पोहोचवले ते दादू इंदुरीकर यांनी. इंदुरी हे गाव मावळात, तळेगाव दाभाड्याजवळ. तिथल्या या तमासगिराने सावळ्या कुंभार असा काही उभा केला की पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला. प्रभा शिवणेकर यांची गंगी त्यांच्यासमोर तेवढ्याच तोलाची. १९८० साली इंदुरीकर गेले. त्यांच्यानंतर ज्याने ज्याने सावळ्याची बंडी अंगावर चढवली, त्याची तुलना त्यांच्याशी झाल्यावाचून राहिली नाही.

आपल्या वाचक-कुटुंबांपैकी अनेकांनी तमाशा पाहिलेला नसेल. आमच्या लहानपणी तर 'तमाशा' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारण्याचीही सोय नव्हती. म्हणून सांगतो. तमाशात प्रथम गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, राजवाडाही असतो. पण तो राजवाडा दिसत नाही. 'हा राजाचा वाडा' असे कोणी म्हटले की वाडा उभा राहिला, आणि एक गिरकी घेतली की दुसरे गाव आले. कथा ठरलेली, संवाद मात्र पुष्कळसे ऐन वेळचे. सोंगाड्या ज्या गावात उभा असेल त्या गावचा सरपंच, तिथली पाणीटंचाई, तिथला रेशनवाला असे सारे वगातल्या राजाच्या राज्यात आणून बसवतो. त्याला राजासमोर वाटेल ते बोलण्याची मुभा असते, कारण तो वेडा ठरलेला असतो. ही मुभा चित्रपटात कशी टिकावी? फितीवर एकदा उमटलेले वाक्य परभणीत आणि पालघरमध्ये सारखेच वाजणार. वगाचा चित्रपट करताना पहिला बळी जातो तो या ऐनवेळच्या बोलण्याचा, आणि ती भरपाई एकट्या नटालाच करावी लागते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. प्रेमकथेचा नायक येथे गाढव आहे. प्रेक्षकाने कोणाकडे पाहावयाचे? गाढवाचा चेहरा हलत नाही. त्याला लाजता येत नाही, मान खाली घालून जमीन उकरता येते एवढेच. म्हणजे ज्याचे लग्न, त्याच्यापाशी अभिनयच नाही! त्याच्या विरहाचे, उतावळेपणाचे आणि दैवी सामर्थ्याचे सारे दर्शन समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मुद्रेवर व्हावे लागते. गाढव बोलले हे आपल्याला गाढवाकडे पाहून पटत नाही, सावळ्याकडे पाहून पटते. अनासपुरे यांचे काम पाहताना मला हे प्रथमच नीट उमगले. हातवारे करून आश्चर्य दाखविणारे नट पुष्कळ. हे गृहस्थ चेहरा सपाट ठेवतात, वाक्याचा शेवट किंचित ओढतात, आणि जणू शेजारच्याने उसने मागितले आहे अशा सुरात गाढवाशी घासाघीस करू लागतात. प्रथम भय, मग संशय, मग हिशेब, आणि शेवटी बापाची माया, अशा पायऱ्यांनी सावळ्या या अशक्य गोष्टीच्या अधीन होतो. आणि तो झाला की आपणही होतो.

येथे आपल्या वाचकांना जुन्या करारातील बलाम आठवल्याशिवाय राहणार नाही. गणना या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात ती कथा आहे. मवाबचा राजा बालाक इस्राएलाला शाप देण्यासाठी या नामांकित द्रष्ट्याला बोलावतो. वाटेत उपसलेली तलवार घेतलेला देवदूत उभा असतो. तो गाढवीला दिसतो, द्रष्ट्याला दिसत नाही. गाढवी एकदा शेतात शिरते, एकदा भिंतीला घासून धन्याचा पाय चिरडते, तिसऱ्यांदा खालीच बसते; आणि तिन्ही वेळा मार खाते. मग परमेश्वर तिचे तोंड उघडतो. या कथेतला मला नेहमी हसविणारा भाग असा की, गाढवी बोलली याचे बलामाला काहीच नवल वाटत नाही! तो रागाच्या भरात तिच्याशी सरळ वादच घालू लागतो. प्रवचनांतून या कथेचा बोध अनेकदा ऐकला, पण तिच्यातला विनोद दाखवून देणारे कोणी भेटले नाही. पवित्र शास्त्र लिहिणाऱ्याला हसू येत नव्हते असे समजण्याचे काही कारण नाही. सावळ्या मात्र बलामाहून साधा आहे. गाढव बोलले की तो आधी दचकतो, आणि दचकल्यावर ऐकतो.

जगाच्या साहित्यातही गाढव आणि प्रेम यांची गाठ पुष्कळदा पडलेली आहे. दुसऱ्या शतकातील आपुलेयस या लॅटिन लेखकाचा नायक जादूच्या चुकीने गाढव होतो. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम नावाच्या विणकराच्या धडावर गाढवाचे डोके बसते आणि परीराणी टिटॅनिया त्याच्यावर भाळते. तेथे विनोदी नट स्वतःच गाढव होतो. आपल्या वगात तो गाढवाचा पालक होतो. हा फरक मला मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या कथाकाराला चमत्कारापेक्षा चमत्कार सांभाळणाऱ्या माणसाविषयी अधिक कुतूहल होते.

कुंभार गाढवाशी बोलतो यात आमच्या भागातल्या माणसाला मुळी काही अद्भुत वाटत नाही. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वस्तीच्या टोकाला कुंभारवाडा होता. तळ्यातली माती, भट्टीचे सरपण, भाजलेल्या विटा, सारे गाढवांच्या पाठीवरून यायचे. गाढवे आणायला मंडळी मढीला जात. रंगपंचमीच्या सुमाराला कानिफनाथांच्या यात्रेत तेथे गाढवांचा मोठा बाजार भरतो. जेजुरीचा बाजार पौष पौर्णिमेचा. दातांवरून वय पाहून दुवान, चौवान, अखंड अशा भाषेत सौदे होत आणि त्या शब्दांचा आम्हा मुलांना फार रुबाब वाटे. झावळ्यांच्या रविवारी आमच्या फादरांना एकदा वाटले की, मिरवणुकीत खरेच गाढव असावे. जखऱ्या संदेष्ट्याने सांगितलेला राजा गाढवावरून आला, मग आपल्या मुलांनी ते डोळ्यांनी पाहावे. कुंभाराकडून गाढव आणले. त्याच्या पाठीवर चादर घातली, येशूची भूमिका करणारा नववीतला मुलगा वर बसवला. देवळाच्या फाटकाशी येऊन गाढव जे थांबले ते थांबलेच. मागून होसान्नाचा घोष चालू, पुढून फादर घामाघूम. एकाने शेपटी ओढली, एकाने गवत दाखविले. शेवटी कुंभार स्वतः पुढे आला, त्याने गाढवाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले आणि गाढव शांतपणे आत गेले. काय सांगितले, असे आम्ही पोरांनी त्याला पुढे महिनाभर विचारले. 'आमच्या आमच्यातलं हाय,' एवढेच तो म्हणे.

गाढवाविषयीच्या आमच्या म्हणी पाहिल्या तर माणसाला आपल्याच भाषेची लाज वाटावी. गुळाची चव त्याला नाही, गीता त्याच्यापुढे वाचून उपयोग नाही, आणि हरी अडला तरच त्याचे पाय धरावयाचे. परंतु याच भूमीत, आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला, एकनाथांची आख्यायिका सांगतात. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वरास वाहावयाची होती, आणि तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात नाथांनी ती रिती केली. बरोबरची मंडळी हळहळली. नाथांचे पाणी मात्र तेथेच देवाला पोहोचले होते. कुंभारांच्या बाबतीतही मराठवाडा गरीब नाही. संत गोरोबा काका तेरचे, म्हणजे आमच्याच धाराशिव जिल्ह्यातले. सावळ्याला देवाधर्माची वंशावळ द्यावी म्हणून हे सांगत नाही. चित्रपटगृहात हसणाऱ्या आमच्या माणसांच्या मनात हे सारे आधीपासून मुरलेले होते, म्हणून सांगतो.

आता प्रेमकथेकडे वळू. गंधर्व आणि राजकन्या यांचे प्रेम चित्रपटभर कथेला पुढे रेटते, पण मनात राहत नाही. मनात राहते ते सावळ्या आणि गंगी यांचे. सकाळी उठल्यापासून हे जोडपे भांडते. पिठावरून, कामावरून, गाढवावरून, एकमेकांच्या माहेर-सासरावरून. त्यांच्या तोंडी प्रेमाचा शब्द शोभणारही नाही. परंतु राजवाड्यावर जाण्याचे अचाट काम अंगावर आले, की दोघे एका बाजूला उभी राहतात. ज्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत, त्यांना अशा संसाराची ओळख पटकन पटेल. तेथेही नवरा कशाच्या तरी ओढीने निघून जाणारा आणि बायको मागे राहून हिशेब सांभाळणारी. आणि तेथेही सारी माया बोचऱ्या विनोदातून वाहते.

माझे वडील गवंडी होते. हात सुबक, पण कामापेक्षा गप्पांत अधिक रमणारे. मी शहरात नोकरीला लागल्यावर दोघांना छावणीतल्या आमच्या घरी आणले. आईचा दिवस वडिलांवर ओरडण्याने सुरू होई. 'उठा की आता, दिवस कुठं आला बघा,' हे तिचे वाक्य म्हणजे आमच्या घरची सकाळची घंटा. २००६ च्या पावसाळ्यात वडील गेले. त्यानंतर आई कोणावरच ओरडेनाशी झाली. नातवंडांनी दूध सांडले तरी ती गप्प राहून फडके आणी. सांत्वनाला येणारे म्हणत, म्हातारी किती शांत झाली. आम्हा घरच्यांना ती शांतता सोसत नव्हती. मिस्साला नेमाने जाई, जपमाळ करी, जेवे, झोपे; मात्र घरात तिचा आवाज नसे.

'गाढवाचं लग्न' टेलिव्हिजनवर लागले ते त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, एका रविवारी दुपारी. आई जमिनीवर बसून तूर निवडीत होती आणि तिचे पडद्याकडे लक्ष आहे असे वाटत नव्हते. सावळ्या कामाचे नाव काढताच टाळाटाळ करू लागला आणि गंगीने तोंड सोडले. सुपातला हात थांबला. आईने मान वर केली आणि पडद्यावरच्या सावळ्याला खणखणीत आवाजात म्हणाली, 'उठा की आता! दिवस कुठं आला बघा!'

स्वयंपाकघरातून माझी पत्नी धावत बाहेर आली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, बोललो नाही. पुढचे दोन तास आईने सावळ्याला सोडले नाही. तो चुकला की ती रागावे, तो राजासमोर फजीत झाला की चुकचुके, त्याने बाजी मारली की पदर तोंडाला लावून हसे. चित्रपट संपल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'असाच व्हता तुझा बाप. गाढवानं सांगितलं असतं तरी गेला असता राजाच्या दारी.' मी विचारले, 'मग तू काय केलं असतंस?' ती म्हणाली, 'मी काय करते? भाकरी बांधून दिली असती.'

मृतांशी बोलण्याचे आपल्याकडे ठरलेले मार्ग आहेत. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, प्रार्थना करतो. आईने त्या सर्व केल्या होत्या. भांडण मात्र दोन वर्षे तुंबून राहिले होते, आणि त्याला वाट करून दिली ती एका विनोदी नटाने. त्या दिवसापासून घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. २०१४ साली ती गेली तोवर तो टिकला.

हे अनासपुरे यांच्याऐवजी दुसऱ्या नटाने साधले असते का, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर भाषेपाशी येऊन थांबते. अनासपुरे हे येथल्या सरस्वती भुवन महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेथून ते मुंबईस गेले, 'सरकारनामा' (१९९८) आणि 'वास्तव' (१९९९) यांत छोट्या भूमिका केल्या, 'कायद्याचं बोला' (२००५) मुळे घराघरांत पोहोचले. पुढे २०१५ साली नाना पाटेकर यांच्यासमवेत त्यांनी दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी 'नाम' ही संस्था काढली, ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी मुंबईस जाताना आपली बोली गाडीत विसरू दिली नाही, ही माझ्या मते त्यांची खरी कमाई. मराठी पडद्यावर त्याआधी ग्रामीण म्हणून जी भाषा ऐकू येई ती कोल्हापूर-साताऱ्याकडची. आमची भाषा आलीच तर गड्याच्या, नाहीतर येड्याच्या तोंडी.

या भाषेपायी काय सोसावे लागते ते पुण्या-मुंबईच्या आणि वसईच्याही वाचकांना सहज कळावयाचे नाही. जरी वसईकरांना आपल्या सामवेदी-वाडवळीविषयी थोडाफार तसाच अनुभव असेल. शिक्षणासाठी मी दुसऱ्या शहरातील एका वसतिगृहात राहिलो. वर्गात 'काय चालले आहे?' असे विचारल्यावर मी उभा राहून म्हणालो, 'सर, लिहू राहिलो.' चाळीस मुले हसली आणि सरांनी ते वाक्य मला आणखी दोनदा म्हणावयास लावले. मग मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन, इस्त्री करून बाहेर काढू लागलो. आजही काढतो, हा लेखसुद्धा तसाच काढला आहे. आमच्यातही सगळे एका तऱ्हेने बोलत नाहीत हे जाताजाता सांगावयास हवे. गंगापूर-वैजापूरकडचा 'जाऊ राहिलो' म्हणेल, बीड-लातूरकडचा 'जायलो' म्हणेल. बाहेरच्यांच्या कानाला मात्र दोन्ही सारखेच हास्यास्पद.

अनासपुरे यांच्या आधी हे ओझे काही प्रमाणात हलके केले होते ते डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न माणसे एकट्याने उभी केली, आणि ती मराठवाड्याच्या बोलीत बोलत विमानात बसली. तेथेही लग्नच होते, आणि मोठ्या लोकांच्या दारी जाणारी साधी माणसे होती. देशपांडे २००९ साली गेले. 'वऱ्हाड' ज्यांनी पाहिले ते प्रेक्षक बहुतांशी नाट्यगृहात जाणारे. सावळ्या मात्र तंबूत, टॉकीजमध्ये आणि शेवटी टेलिव्हिजनवरून माझ्या आईपर्यंत आला. गाढव बोलले या अद्भुतापेक्षा, चित्रपटाचा नायक आपल्यासारखे बोलतो आणि तरीही लोक त्याच्यावर नव्हे तर त्याच्या बरोबर हसतात, हे अद्भुत आमच्या गल्लीला अधिक मोठे वाटले असणार.

चित्रपटाचे दोष सांगितले नाहीत तर हे लिखाण एकांगी होईल. इंद्राचा दरबार दाखविण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरता आला नाही. वगात तोच दरबार एका वाक्यात अधिक भव्य होतो. गाणी काही ठिकाणी कथेचा हात सोडतात. सर्वांत मोठा आक्षेप मूळ लोककथेवरच आहे. तिच्यात मुलीच्या बापाची अट मोठी आणि मुलीची इच्छा दुय्यम. आपल्या विवाहसंस्कारात धर्मगुरू दोघांनाही उघडपणे विचारतात, आणि दोघांनीही आपल्या तोंडाने होकार दिल्याखेरीज लग्न लागत नाही. गाढवाला वाणी मिळालेल्या कथेत राजकन्येच्या वाणीचा विसर पडावा, हे आज खटकते. माझ्या मुलीने तर पहिल्यांदा पाहताच विचारले होते, 'तिला गाढव आवडलं का, हे कुणी विचारलंच नाही!' तमाशातल्या द्व्यर्थी बोलण्याची काही कुटुंबांना धास्ती वाटते. तिथे आईबापांनी आपल्या विवेकाने ठरवावे. गंगीच्या शिव्या ऐकून कोणाचे मूल बिघडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनात युवकांनी या वगातला सोयरीक मागण्याचा प्रसंग बसविला. सावळ्या झालेला मुलगा वाळूजच्या कारखान्यात कामाला होता आणि तालमीला रात्रपाळी चुकवून येई. गाढवाच्या कातड्यात दोन मुले होती. त्यांतला मागचा सारखा तक्रार करी. तालीम पाहून समितीतल्या एका बाईंनी सूचना केली की, बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत, तर भाषा जरा शुद्ध करावी. सारे गप्प झाले. मग तो मुलगा अदबीने म्हणाला, 'बाई, गंधर्व स्वर्गातून आला ना? त्याला शुद्ध बोलू द्या. मी इथलाच हाय.'

तसेच केले. प्रयोगात गाढव अस्खलित पुस्तकी मराठीत राजकन्येचा हात मागत होते, आणि सावळ्या ते ऐकून डोके खाजवीत प्रधानाला आमच्या बोलीत समजावून सांगत होता. पाहुण्यांपैकी काहींना सावळ्याचे शब्द कळले नाहीत म्हणून शेजारचे त्यांना अर्थ सांगू लागले. मागच्या रांगांतून इतके हसू येत होते की, गाढवाच्या मागच्या पायातल्या मुलालाही ते आवरले नाही आणि भर दरबारात गाढव मधोमध खाली बसले.